भाडं द्या, हिशोब मागा

दिवाळीत नवी वही उघडायची पद्धत आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. लाल कापडाची वही, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली वर्षभराचा जमाखर्च. आपल्यापैकी फार थोड्यांची दुकानं आहेत, पण घर प्रत्येकाला चालवावं लागतं. म्हणून यंदा या सदरात घराच्या वहीबद्दल बोलू या. मॉर्गेज कुठल्या बँकेचं, व्याजदर किती, यावर आपण जेवणाच्या पंगतीतसुद्धा भरपूर बोलतो. ज्यांचं घर कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं आहे, त्यांच्या हिशोबाबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांची पत्रं वाचून देणाऱ्या त्यांच्या मुलांसाठीही.

आणि त्याला दिवाळीचा मुहूर्त अगदी योग्य आहे. सप्टेंबर महिन्याचा महागाईचा दर ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागेच जाहीर होतो. इंग्लंडमधल्या बहुतेक सामाजिक घरांचं पुढच्या एप्रिलचं भाडं जास्तीत जास्त किती वाढू शकेल, हे त्या एका आकड्यावरून ठरतं. पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, पण आकडा फराळाच्या ताटाशेजारीच येऊन बसलेला असतो.

(इथे जे सांगतो आहे ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे घरभाड्याचे नियम वेगळे आहेत.)

संकोच कशाचा?

आपल्या कार्यक्रमात कुणी “कुठे राहता?” असं विचारलं की हॅरो, हाउन्स्लो, स्लाव ही नावं पटकन सांगितली जातात. घर कौन्सिलचं आहे हे मात्र चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत कळत नाही. या संकोचाची किंमत शेवटी पौंडांत मोजावी लागते, कारण जो घराबद्दल बोलत नाही तो घराच्या पत्राबद्दलही कुणाला विचारत नाही.

खरं तर इंग्लंडमधलं साधारण सहापैकी एक कुटुंब अशा घरात राहतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होतं. पूर्व लंडनमधली बाउंडरी इस्टेट ही कौन्सिलची वसाहत १९०० साली सुरू झाली. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ग्लासगोच्या घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. त्याच वर्षी सरकारला भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने कौन्सिलांवर घरं बांधायची जबाबदारी आली. त्याच काळात आपल्या मुंबईत १९१८ साली भाडे-निर्बंधाचा कायदा झाला आणि विसाच्या दशकात नायगाव, वरळी, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्या चाळींमधून शिकून पुढे गेलेली माणसं आपल्या नात्यागोत्यात असतील. त्यांनी चाळीचं नाव कधी लपवलं नाही.

दुसरं असं की हे घर फुकट नाही. भाडेकरू त्याचं भाडं भरतो. ते बाजारभावापेक्षा कमी असतं, कारण ते ठरवायची पद्धतच वेगळी आहे. तेव्हा भाडं देणाऱ्याला हिशोब विचारायचा हक्क आहे, आणि तो विचारल्याने कुणाचे उपकार विसरल्यासारखं होत नाही.

एका पत्रातले दोन आकडे

वसंत ऋतूत येणाऱ्या पत्रात बहुतेकांची नजर शेवटच्या बेरजेवर जाते. तुम्ही तसं करू नका. त्या बेरजेच्या वर दोन वेगवेगळे आकडे असतात : भाडं आणि सर्व्हिस चार्ज. दोघांचे नियम वेगळे आहेत.

भाडं म्हणजे घर वापरण्याची किंमत. त्याच्या वाढीवर सरकारची मर्यादा आहे. २०१६ पासून चार वर्षं तर ही भाडी दर वर्षी १ टक्क्याने कमी करायला लावली होती. २०२० पासून नियम असा, की सप्टेंबरचा महागाई दर अधिक १ टक्का, याहून जास्त वाढ नाही. महागाई १० टक्क्यांच्या वर गेली तेव्हा एप्रिल २०२३ साठी ७ टक्क्यांची खास मर्यादा घातली गेली. एप्रिल २०२४ मध्ये मर्यादा ७.७ टक्के होती आणि एप्रिल २०२५ मध्ये २.७ टक्के. एप्रिल २०२६ पासून पुढची दहा वर्षं पुन्हा ‘महागाई अधिक १ टक्का’ हेच सूत्र ठेवायचं सरकारने ठरवलं आहे.

सर्व्हिस चार्ज म्हणजे इमारतीच्या सामायिक सोयींचा खर्च : जिन्याची सफाई, जिन्यातले दिवे, लिफ्ट, बाग, इंटरकॉम, केअरटेकर, आगीची घंटा. मुंबई-पुण्यात आपण सोसायटीचा ‘मेन्टेनन्स’ म्हणतो, त्याचाच हा चुलतभाऊ. यावर भाड्यासारखी पक्की मर्यादा नाही. तो वाजवी असावा, मिळणाऱ्या सेवेशी त्याचा मेळ असावा, आणि त्याची वाढही शक्यतो त्याच सूत्रात बसवावी, एवढीच सरकारची घरमालकांकडून अपेक्षा आहे. ‘शक्यतो’ या शब्दात बरंच काही मावतं.

समजा, एका फ्लॅटमध्ये काका-काकू राहतात. गेल्या वर्षी आठवड्याला भाडं १३० पौंड आणि सर्व्हिस चार्ज १५ पौंड, म्हणजे एकूण १४५ पौंड होते. एप्रिल २०२५ च्या पत्रात बेरीज आली १५५ पौंड. काका म्हणाले, “दहा पौंड वाढले, सगळीकडेच महागाई आहे.” काकूंनी वही घेतली. १३० पौंडांवर २.७ टक्के म्हणजे ३ पौंड ५१ पेन्स. भाडं फार तर १३३ पौंड ५१ पेन्स होईल. मग उरलेले २१ पौंड ४९ पेन्स सर्व्हिस चार्जचे. एकूण वाढ ७ टक्क्यांच्या आत दिसत होती, पण एकट्या सर्व्हिस चार्जची वाढ ४३ टक्के निघाली. आता प्रश्न नेमका झाला : जिन्याच्या सफाईत असं काय बदललं?

एक अपवाद लक्षात ठेवा. काही नव्या घरांचं भाडं ‘अफोर्डेबल रेंट’ या प्रकारचं असतं. ते बाजारभावाच्या जास्तीत जास्त ८० टक्के असतं, आणि त्या ८० टक्क्यांत सर्व्हिस चार्ज धरलेला असतो. आपलं भाडं कुठल्या प्रकारचं आहे हे टेनन्सीच्या करारात लिहिलेलं असतं. करार सापडत नसेल तर त्याची प्रत मागवून घ्या.

आठवडा आणि महिना

सामाजिक घरांचं भाडं बहुधा आठवड्याचं असतं, दर सोमवारी, आणि आगाऊ. आपला पगार आणि पेन्शन मात्र महिन्याला किंवा चार आठवड्यांनी येते. थकबाकीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं, उधळपट्टीत नसतं.

वरचंच उदाहरण घ्या. आठवड्याला १५५ पौंड. चार आठवड्यांचा महिना धरून कुणी दर महिन्याला ६२० पौंडांची स्टँडिंग ऑर्डर लावली, तर वर्षाला ७,४४० पौंड भरले जातात. देणं असतं ५२ आठवड्यांचं, म्हणजे ८,०६० पौंड. फरक पुन्हा ६२० पौंडांचा. एकही हप्ता न चुकवता वर्षअखेर एका हप्त्याची थकबाकी तयार! बरोबर हिशोब असा : आठवड्याचं भाडं गुणिले ५२, भागिले १२. या उदाहरणात महिन्याला ६७१ पौंड ६७ पेन्स.

काही घरमालक वर्षातून दोन-चार आठवडे भाडं घेत नाहीत आणि तेच भाडं उरलेल्या आठवड्यांत वाटून घेतात. तसं असेल तर हिशोब बदलतो, म्हणून पत्रात ‘किती आठवडे’ हे बघा. शिवाय पाच-सहा वर्षांतून एकदा भाड्याच्या वर्षात ५३ सोमवार येतात. २०२४-२५ तसं होतं. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र वर्ष ५२ आठवड्यांचंच धरतं, म्हणून त्या वर्षी एका आठवड्याचं भाडं पदरचं घालावं लागतं.

वर्षातून निदान चार वेळा रेंट स्टेटमेंट मागवा किंवा ऑनलाइन बघा. आपल्या जुन्या चाळींत भाडेपावती ट्रंकेत दागिन्यांच्या खाली ठेवायचे. इथे पावती मिळत नाही, त्यामुळे हे स्टेटमेंट हीच पावती.

सर्व्हिस चार्जचा हिशोब मागताना

पहिला प्रश्न विचारायचा : हा चार्ज ‘फिक्स्ड’ आहे की ‘व्हेरिएबल’? उत्तर करारात असतं आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फिक्स्ड म्हणजे वर्षासाठी एक आकडा ठरला. खर्च जास्त झाला तरी तेवढाच, कमी झाला तरी तेवढाच. व्हेरिएबल म्हणजे आधी अंदाज, वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च आणि मग फरकाची वजाबाकी किंवा भर. व्हेरिएबल चार्जला १९८५ चा ‘लँडलॉर्ड अँड टेनंट’ कायदा लागू होतो. त्याप्रमाणे खर्च वाजवी असला पाहिजे आणि काम बऱ्या दर्जाचं झालं पाहिजे. तुम्ही खर्चाचा गोषवारा लेखी मागू शकता. गोषवारा मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत मूळ बिलं आणि पावत्या बघायला मागू शकता. एखादा खर्च होऊन १८ महिने उलटून गेले आणि तोवर त्याची मागणी किंवा लेखी सूचना आली नसेल, तर तो सहसा वसूल करता येत नाही. एवढं करूनही पटलं नाही तर फर्स्ट-टियर ट्रिब्युनलच्या मालमत्ता विभागाकडे जाता येतं.

इथे कौन्सिलच्या आठवड्याच्या भाडेकरूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कायद्याची ही कलमं हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंना लागू होतात, पण कौन्सिलच्या साध्या भाडेकरूंना होत नाहीत. कौन्सिलचा फ्लॅट ज्यांनी लीजवर विकत घेतला आहे, त्यांना होतात. त्यामुळे एकाच जिन्यातल्या दोन शेजाऱ्यांचे हक्क वेगळे असू शकतात. शेजाऱ्याला ट्रिब्युनलमध्ये जाता आलं म्हणून आपल्यालाही येईल असं धरून चालू नका.

फिक्स्ड चार्ज असो वा कौन्सिलचं घर असो, तक्रारीचा मार्ग सर्वांना खुला आहे. घरमालकाकडे आधी तक्रार नोंदवायची. तिची दखल पाच कामाच्या दिवसांत घेतली गेली पाहिजे, आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत पहिलं उत्तर मिळालं पाहिजे. समाधान झालं नाही तर दुसऱ्या टप्प्याची तक्रार करायची. तिच्या उत्तराची मुदत वीस कामाच्या दिवसांची. त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समनकडे जायचं. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. चार्ज किती असावा हे ओम्बड्समन सहसा ठरवत नाही. पण ज्याचे पैसे घेतले ती सेवा दिली का, हिशोब नीट समजावला का, तक्रार नीट हाताळली का, हे बघतो.

तक्रारीत “चार्ज फार आहे” असं मोघम लिहू नका. “जिन्याची सफाई आठवड्यातून एकदा असं पत्रकात आहे, या तीन महिन्यांत या या तारखांना ती झाली नाही” असं लिहा. मोबाइलवर तारखेसकट फोटो काढा. शेजारच्या चार घरांनी मिळून लिहिलं तर आणखी चांगलं. सोसायटीच्या सभेत भांडायचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, तो इथे शांतपणे आणि लेखी वापरायचा.

बेनिफिट, भारतवारी आणि घरातली मुलं

उत्पन्न कमी असेल तर कमावत्या वयात युनिव्हर्सल क्रेडिटमधून आणि पेन्शनच्या वयात हाउसिंग बेनिफिटमधून भाड्याची मदत मिळते. जिना, लिफ्ट, सामायिक बाग यांचा सर्व्हिस चार्ज त्यात धरला जातो. तुमच्या स्वतःच्या घरातलं गरम पाणी, हीटिंग, वीज यांचा भाग मात्र धरत नाहीत. इमारतीच्या एकाच मोठ्या बॉयलरवरून सगळ्यांना गरम पाणी मिळत असेल, तर हा भाग सर्व्हिस चार्जमध्येच मिसळलेला असतो. समजा तो आठवड्याला ४ पौंड आहे. “आमचं सगळं भाडं बेनिफिट भरतं” असं समजून कुणी निर्धास्त राहिलं, तर वर्षाला २०८ पौंड थकतात. म्हणून पत्रातला प्रत्येक घटक वेगळा बघायचा.

युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांनी एप्रिलमध्ये नवं भाडं लागू झालं की ते आपल्या ऑनलाइन खात्यात स्वतः नोंदवायला हवं. उशीर केला तर मधल्या काळाचा फरक सहसा मिळत नाही. नव्याने अर्ज केला असेल तर पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात, हे घरमालकाला आधीच कळवून ठेवा.

आपल्या ज्येष्ठांना एक आग्रहाची विनंती. पेन्शन क्रेडिटला आपण पात्र आहोत का, हे एकदा तपासा. त्यातला ‘गॅरंटी क्रेडिट’ हा भाग मिळाला तर हाउसिंग बेनिफिटचा दरवाजा बराच मोकळा होतो. “सरकारकडे हात कशाला पसरायचा?” म्हणून हिवाळ्यात हीटर बंद ठेवून भाडं भरणारी माणसं आपल्यात आहेत. तुम्ही आयुष्यभर इथे कर भरलात, हे त्यातूनच परत येणारं आहे. मात्र अर्जात सगळं खरं सांगा. पुण्यातला फ्लॅट, नाशिकच्या बँकेतली मुदत ठेव, हीसुद्धा मालमत्ता आहे आणि ती कळवावी लागते. लपवणं हा गुन्हा आहे. आणि ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट आहे, त्यांनी अर्ज करण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आता भारतवारी. थंडीत तीन महिने गावी जाऊन यायचं, हा आपल्या निवृत्त मंडळींचा आवडता बेत. जरूर जा, पण नियम माहीत असू दे. ग्रेट ब्रिटनबाहेर राहिलात तर हाउसिंग बेनिफिट आणि पेन्शन क्रेडिट साधारणपणे चार आठवड्यांपर्यंतच चालू राहतं. युनिव्हर्सल क्रेडिट एका महिन्यापर्यंत. जवळच्या नातेवाइकाचं निधन झालं असेल तर थोडी मुदतवाढ मिळते. भाडं मात्र तुम्ही कुठेही असा, दर सोमवारी लागतंच. तिकीट काढताना हा खर्चही तिकिटाच्या पैशांशेजारी लिहा, आणि जास्त दिवस घर बंद राहणार असेल तर घरमालकाला आधी कळवा.

नव्या पिढीच्या वाचकांनो, हा परिच्छेद तुमचा. तुम्ही नोकरीला लागलात आणि आई-बाबांबरोबरच राहत असाल, तर त्यांच्या बेनिफिटमधून तुमच्या वाट्याची रक्कम वजा होऊ शकते. ती तुम्ही त्यांना द्यावी, असं गृहीत धरलेलं असतं. उलट तुम्ही घर सोडलंत आणि आई-बाबा अजून कमावत्या वयाचे असतील, तर एक खोली जास्त झाली म्हणून भाड्याच्या मदतीत १४ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात होते. तुमचं येणं-जाणं असं त्यांच्या वहीत उमटतं, तेव्हा ते वेळेवर सांगा.

आणि एक कटू गोष्ट. भाडं तुमच्या खात्यातून जातं म्हणून घर तुमच्या नावावर होत नाही. जुन्या मुंबईत ‘पावती कुणाच्या नावावर?’ हा प्रश्न सगळ्यात मोठा असे. इथे प्रश्न आहे, टेनन्सी कुणाच्या नावावर? तिथेच राहणाऱ्या पती किंवा पत्नीला ती पुढे मिळू शकते, पण साधारणपणे एकदाच. एप्रिल २०१२ नंतरच्या कौन्सिलच्या टेनन्सीत मुलांना तो हक्क करारात लिहिला असेल तरच असतो. वडिलांच्या निधनानंतर मुलाने मुकाट्याने भाडं भरत राहणं हा त्यावरचा उपाय होत नाही. करार आत्ताच, सगळे एकत्र असताना, वाचून घ्या.

दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं थांबवू नका

“भिंतीला बुरशी आहे, तीन वेळा फोन केले, आता भाडंच बंद करतो,” असं माणूस रागाने म्हणतो. राग रास्त आहे, उपाय चुकीचा आहे. भाडं थांबलं की कागदावर तुम्ही थकबाकीदार होता, आणि बुरशीची गोष्ट मागे पडते. भाडं चालू ठेवा आणि दुरुस्तीची मागणी लेखी करा. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरमालकांना ‘अवाब्ज लॉ’ लागू झाला आहे. रॉचडेलमध्ये बुरशीच्या घरात राहून दगावलेल्या दोन वर्षांच्या अवाब इशाकच्या नावाने हा नियम आला. तातडीच्या धोक्याची चौकशी आणि उपाय २४ तासांत, आणि गंभीर ओल किंवा बुरशीची चौकशी दहा कामाच्या दिवसांत झाली पाहिजे. तुमच्या तक्रारीच्या तारखेचा पुरावा असेल तरच ही मुदत मोजता येते. म्हणून फोन केला तरी त्यानंतर दोन ओळींचा ईमेल पाठवा.

आणि थकलंच तर?

नोकरी जाते, आजारपण येतं, माणूस जातं. भाडं थकतं. त्या वेळी पत्रं न फोडता खणात टाकणं हे सगळ्यात महाग पडतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला घराबाहेर काढता येत नाही. शिवाय कोर्टात जाण्याआधी सामाजिक घरमालकाने तुमच्याशी बोलून, तुमचं उत्पन्न आणि खर्च बघून, परवडेल असा हप्ता ठरवायचा प्रयत्न करणं अपेक्षित आहे. पण तुम्ही बोललातच नाही तर त्यांच्याकडे फक्त आकडा असतो.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा : महिन्याचं उत्पन्न, आवश्यक खर्च, आणि भाड्याशिवाय वर किती देता येईल तो आकडा. मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकवण्यापेक्षा पाच पौंड ठरवून नियमित द्या. इतर कर्जंही असतील तर सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन यांच्याकडे विनामूल्य सल्ला मिळतो. ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजना २०२१ पासून आहे. तिच्यात साठ दिवस वसुली थांबते आणि मागची भाड्याची थकबाकीही त्यात येते. त्या साठ दिवसांतलं चालू भाडं मात्र भरावं लागतं. तुमची कौन्सिलही अडचणीच्या काळात भाड्यासाठी वेगळी मदत देऊ शकते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

कोर्टाची तारीख आली तर हजर राहा. कौन्सिलच्या भाडेकरूच्या थकबाकीच्या खटल्यात घर काढून घेणं रास्त आहे का, हे न्यायाधीश बघतात, आणि समोर उभा असलेला माणूस आपली बाजू सांगू शकतो. हाउसिंग असोसिएशनच्या बाबतीत थकबाकी एका मर्यादेपलीकडे गेली तर न्यायाधीशांचे हात बांधले जातील असंही एक कलम आहे. म्हणून तिथे तर आणखी लवकर बोलायला हवं.

पाडव्याच्या दिवशी एक काम

या पाडव्याला एक फाइल करा. तिच्यात चार कागद ठेवा : टेनन्सीचा करार, शेवटचं भाडेवाढीचं पत्र, ताजं रेंट स्टेटमेंट आणि बेनिफिटचं पत्र. पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहा : भाडं किती, सर्व्हिस चार्ज किती, त्यातला बेनिफिट न भरणारा भाग किती, आणि महिन्याला खात्यातून प्रत्यक्ष किती जातात. आकडे जुळले तर चकलीचा डबा उघडा. जुळले नाहीत तर सोमवारी सकाळी फोन करा. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर दुभाष्याची मागणी करा, ती रास्त मागणी आहे. किंवा मुलीला, सुनेला, शेजारच्या एखाद्या काकांना शेजारी बसवून घ्या.

आणि तुमच्या ओळखीत एखादं कुटुंब या विषयावर गप्प राहत असेल, तर फराळाचं ताट द्यायला जाल तेव्हा हा अंकही घेऊन जा. लेख वाचा असं म्हणायची गरज नाही. अंक टेबलावर राहू दे.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. भेटू पुढच्या अंकात.